चर्चमधली तिसरी घंटा

छावणी, छ. संभाजीनगर
९ जानेवारी २०२५

प्रिय राजूभाऊ,
सलाम.

फोन कट करतोस. व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस. सत्यमच्या फोनवर लावला तर तो म्हणतो, "आत्या, बाबा बाथरूममध्ये आहेत." पाच महिने बाथरूममध्ये बसलेला माणूस मी पहिल्यांदाच बघतेय. म्हणून हे पत्र. पोस्टमनला ब्लॉक करायचं बटन अजून निघालेलं नाय.

बातमी अशी की काल जुन्या चर्चच्या चाव्या मेघाच्या हातात दिल्या. आता फाडायचं असलं पत्र तर फाड, पण आधी वाच. मेघा म्हणजे तीच, बिडकीनची, सभेत उभी राहून बोलली होती ती. आजोबा भीमजलशात गाणारे, ही विद्यापीठातून नाटक शिकलेली. अंगानं एवढीशी, पण काल आत जाऊन तिनं नुसतं "हॅलो" म्हटलं तर वरची सगळी कबुतरं उडाली. नाचायलाच लागली पोरगी. "मावशी, माइक लागणारच नाय!" म्हणती. तिला काय सांगू, आपल्या लहानपणी पाळक कुठं माइकवर बोलायचे!

तुझा राग मला माहीत आहे. मंडळीच्या सभेत मी नाटकघराच्या बाजूनं हात वर केला, तोही तुझ्या डोळ्यांदेखत. पुन्हा सभा घेतली तर पुन्हा वर करीन. मंडळी नव्या चर्चमध्ये गेल्यापासून दोन वर्षं तिथं कबुतरंच उपासना चालवत होती. एकाला फर्निचरचं गोदाम करायचं होतं, एकाला मंगल कार्यालय. त्यापेक्षा नाटकघर वाईट का? गोऱ्या शिपायांनी ते स्वतःसाठी बांधलं, ते गेल्यावर आपल्या लोकांना मिळालं. आता आपण निघालो, तर पोरांना मिळालं.

पण तू सभेतून उठताना जे म्हणालास, "जिथं एस्तेरला शेवटचं ठेवलं, तिथं तुम्ही तोंडाला पावडर लावून नाचणार?" ते मी विसरले नाय. वहिनी तुझी बायको होती तशी माझी मैत्रीण होती, एवढं विसरू नकोस.

आता खरी बातमी. मला नाटकात घेतलंय! हसू नकोस. झालं असं की साफसफाईचा धुरळा घरात येतोय म्हणून मी भांडायला गेले. चांगली अर्धा तास भांडले. मेघानं ऐकून घेतलं आन् म्हणाली, "मावशी, हेच सगळं स्टेजवर बोलाल का?" बसस्थानकाच्या रिझर्वेशनच्या खिडकीत अख्खी नोकरी भांडण्यात गेली, तिचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. नाटकाचं नाव 'पाचोड फाटा'. बाजाराचा दिवस, फाट्यावर माणसं खोळंबलीत आन् पैठणची एसटी काय येत नाय. मी चंपाबाई. माझ्याजवळ पाटीत एक कोंबडी आहे आन् जगातल्या सगळ्यांशी वैर आहे.

प्रयोग १ मार्चला. तोवर तुझा राग उतरला तर ये.

तुझी
रत्ना


छावणी
२८ जानेवारी

प्रिय भाऊ,
सलाम.

उत्तर नाय. ठीक. तुझ्या वाटचं पण मीच लिहिते. "रत्ने, वय काय, चाललंय काय." झालं तुझं पत्र. आता माझं.

अरे, काय मजा येतेय म्हणून सांगू! रोज संध्याकाळी तालीम. वेदीचा चौथरा म्हणजे आपला स्टेज. बाकं तीच, नुसती पुसून घेतली. पाळकसाहेबांच्या खोलीत आरसे लावलेत, ती आता मेकअपची खोली. आवाज घुमतो म्हणून मागच्या भिंतीला गोधड्या टांगल्यात. अख्ख्या छावणीनं दिल्या. एक तुमच्या इथल्या बंद घरातलीही आहे. किल्ली शेजारच्या पारूबाईकडं होती, मी उघडून घेतली. कर अजून एक राग.

पहिल्या तालमीला मोठंच भांडण झालं. एक पोरगा नटराजाचा फोटो आन् नारळ घेऊन आला. नारळ फोडल्याबिगर नाटकवाले पाऊल टाकत नाहीत. मोतीरामकाका रोज दारात खुर्ची टाकून बसतात, आम्ही काय काय बाटवतो ते बघायला. ते काठी आपटत उभे राहिले. "वेदीपुढं नारळ फोडायचा तर आधी माझं टाळकं फोडा!" पोरं म्हणती, नारळ नाय तर नाटक नाय. सगळे मेघाकडं बघायला लागले. मेघाच्या घरी ना नारळ ना वेदी. ती म्हणाली, "फोडा की, पण मावशींच्या स्वयंपाकघरात फोडा, आन् चटणी करा." तशीच केली. इडल्या पण केल्या. काकांनी सगळ्यांत जास्त खाल्ल्या आन् जाताना म्हणाले, "माझा विरोध कायम हाय."

पाळकसाहेबांनी करारात दोन अटी घातल्यात, त्या तुला पटतील. ईस्टरच्या आधीचे लेंतचे चाळीस उपवासाचे दिवस नाटक बंद. आन् घंटा मंडळीचीच राहील. नव्या चर्चला मनोरा नाय, तेव्हा आपल्यातलं कुणी गेलं तर मरणाची घंटा जुन्याच मनोऱ्यातून व्हायची. एक ठोका, थांबायचं, मग एक ठोका, जशी आपले अप्पा वाजवायचे आन् मग तू वाजवायचास. तू पुण्याला गेल्यापासून ती वाजवायची वेळच आली नाय. देवाची कृपा, आन् मोतीरामकाकांचा जगायचा हट्ट.

पाठांतर चांगलं चाललंय. पण घरी म्हणून दाखवायला कुणी नाय रे. भिंतीला किती ऐकवू?

तुझी
रत्ना


छावणी
१६ फेब्रुवारी

भाऊ,

जिवंत आहे. तू स्वतःच्या डोळ्यांनी बघून गेलास, तरी लिहून देते. काल तू एक शब्द ऐकून घेतला नायस, म्हणून झालं काय ते सगळं सांगते. उभ्या उभ्या वाचू नकोस, बस.

काल सकाळी रंगीत तालीम होती. सगळ्यांचे कपडे, रंग, सगळं खरं. नाटक सुरू व्हायच्या आधी नाटकवाले तीन घंटा देतात, थोड्या थोड्या वेळानं. तिसरी झाली की पडदा. त्यांची विजेची घंटा आहे. नेमकी लाइट गेली. उजेड-आवाजाचं बघणारा प्रणय म्हणजे हुशारीचं पोतं. म्हणाला, "अरे, एवढी मोठी घंटा डोक्यावर टांगलीय, टेन्शन कशाला?" कुणाला विचारलं नाय, सवरलं नाय, सरळ मनोऱ्यात गेला आन् दोर ओढला.

ठण्.

थांबला. त्याच्या हिशोबानं ही पहिली घंटा. मग दुसरी.

ठण्.

मी आत होते. नऊवारी नेसलेली, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, पुढचा एक दात काळा केलेला, चष्मा काढून ठेवलेला. भाऊ, ती आपली मरणाची घंटा. कोण गेलं? आन् पहिलं नाव तुझं आलं. तुला तिकडं पुण्यात काहीतरी झालंय आन् मला सगळ्यांत शेवटी कळतंय, असंच वाटलं. स्टुलावर बसूनच राहिले.

बाहेर काय झालं ते मला मागाहून कळलं. आपल्या लोकांची रीत तुला माहीत. ती घंटा ऐकली की गॅस बंद करायचा, पदर डोक्यावर घ्यायचा आन् चर्चच्या दारात यायचं. कोण गेलं ते तिथंच विचारायचं. घटकाभरात अख्खी छावणी दारात. समोरच्या बेकरीवाल्या चाचांनी शटर अर्धं खाली ओढलं आन् टोपी घालून आले, "किसका बुलावा आया?" कुणालाच ठाऊक नाय. सगळ्यांनी मनातल्या मनात मोतीरामकाकांना धरलं होतं. दोघीतिघींनी तर डोळे पुसायलाही घेतले. तेवढ्यात काका स्वतः रिक्षातून उतरले आन् म्हणाले, "कोण गेलं रं?"

मग सुरू झालं, कोण आलं न् कोण नाय आलं. सगळे एकमेकांची तोंडं बघतायत. आन् पारूबाई, मोतीरामकाकांची सून, तिच्या डोक्यात प्रकाश पडला. घंटा झाली की सगळ्यांत आधी पोचणारी बाई कोण? रत्ना. आन् ती कुठं दिसत नाय. मग तीच गेली! झालं. तिनं जो हंबरडा फोडला, फोडला तो फोडला, वर तुला फोन लावला. "राजूभाऊ, रत्ना गेली हो आपली!"

मी आतून माझं नाव ऐकलं रडण्यात. उठले, तशीच धावले. गर्दीत घुसून विचारते, "कोण गेलं? काय झालं?" पारूबाई माझ्याच गळ्यात पडून म्हणती, "बाई, आमची रत्ना गेली वं!" मी म्हणते, "कोण रत्ना?" बिनचष्म्याची, कुंकवाची, एक दात नसलेली बाई, कशी ओळखणार ती? प्रणयनं चष्मा आणून नाकावर चढवला तेव्हा किंचाळली. आन् मग पहिली चापट तिनंच मारली मला.

नंतर जे हसले सगळे! रडायला आलेली माणसं, डोळ्यांत पाणी तसंच, आन् पोट धरून हसतायत. प्रणय बिचारा मनोऱ्याच्या दारात पांढराफटक. मोतीरामकाका म्हणाले, "आता एवढे रडायला आलोच हावोत, तर बघूनच जाऊ काय करतात ते." आन् आत जाऊन बसले. त्यांच्या मागं सगळे. चाचा पण. बिनलाइटचीच केली तालीम, खिडक्या उघडून. कोंबडीला बघून काका एवढे हसले की कवळी हातात घ्यावी लागली.

तुला लगेच सगळ्यांनी फोन लावले. पाळकसाहेबांनी, पारूबाईनं, मी चाचांच्या फोनवरून. एकही उचलला नायस. आता कळतंय का, फोन न उचलल्यानं काय होतं ते?

उन्हं कलताना दारात टॅक्सी थांबली. तू चप्पल बाहेर काढलीस. कुणाकडं बघितलं नायस. मधल्या वाटेनं सरळ चालत आलास, वेदीपुढं, जिथं वहिनीची शवपेटी ठेवली होती तिथं. आन् तिथंच पायरीवर बसून मी पोरांबरोबर वडापाव खात होते.

"मेली नायस का गं?"

सहा महिन्यांनी भाऊ बहिणीशी बोलला तो हे बोलला. मग तू माझ्या शेजारी बसलास, माझा हात धरलास. मी काही बोलायला गेले की मान हलवायचास. पाणी प्यालास आन् "कुंकू पूस आधी" म्हणून त्याच टॅक्सीत बसून परत!

मला राग आला, लई आला. पण एक सांगते. तू त्या जागी मला शेवटचं बघायला आलास आन् मी जिती सापडले. ती जागा आता नुसती वहिनीच्या पेटीची राहिली नाय. माझ्यापुरती तरी नाय. तुझं तू बघ.

रत्ना


छावणी
२३ फेब्रुवारी

भाऊ,
सलाम.

तुझं कार्ड आलं. मला नाय, प्रणयला! पोरगा घाबरून माझ्याकडं घेऊन आला. "मावशी, सरांनी नोटीस पाठवली." वाचून दाखवलं त्याला. "मरणाची घंटा पुन्हा वाजवू नये. नाटकासाठी दोर आखूड धरावा व प्रत्येक वेळी लागोपाठ तीन ठोके द्यावेत, म्हणजे लोकांचा घोटाळा होणार नाही. आपला, राजेंद्र भालेराव." बहिणीला सलाम नाय, कशी आहे नाय, ठोके मात्र व्यवस्थित.

प्रणय आता त्या दोराला हात लावायला तयार नाय. बाकीची पोरं पण नाय. आन् मेघा हट्टाला पेटलीय की घंटा हवी तर तीच हवी. "त्या दिवशी माणसं कशी आली बघितलं ना? तशीच आली पाहिजेत, फक्त जिवंत माणसासाठी." पाळकसाहेबांनी तुझं कार्ड वाचून होकार दिला. मोतीरामकाकांनी पण. त्यांचा विरोध कायमच आहे, पण पहिल्या रांगेतली जागा त्यांनी सांगून ठेवलीय.

तेव्हा घंटा आहे, वाजवणारा नाय. मी तुला बोलवत नाय, नुसतं कळवतेय.

मला मात्र भीती वाटायला लागलीय, भाऊ. एवढ्या माणसांपुढं तोंड उघडलं नाय तर? खिडकीत बसून भांडणं सोपं होतं, मधी जाळी होती.

रत्ना


छावणी
३ मार्च

प्रिय राजूभाऊ,
सलाम.

मी तोंडाचा रंग धुऊन बाहेर येईस्तोवर तू पुण्याची गाडी पकडलीस. काय माणूस आहेस! पण आज मला तुझ्यावर रागावताच येत नाय. दोन दिवस झाले, माझे पाय अजून जमिनीला लागत नाहीत. दूधवाला पण आज "चंपाबाई, दूध" म्हणाला.

तू दुपारीच आलास आन् आल्या आल्या जाहीर केलंस, "घंटेसाठी आलोय, नाटकासाठी नाय. आत बसणार नाय." कुणी तुला विचारलं होतं? मेघानं मला डोळ्यानंच दटावलं, म्हणून वाचलास. आमची शेवटची तालीम चालू होती आन् तू बाहेर ओट्यावर बसून घंटेच्या दोराच्या गाठी सोडवत होतास. इतक्या गाठी नव्हत्या त्याला.

संध्याकाळी माणसं बघितलीस ना? आपली मंडळी, भीमनगरची माणसं, बिडकीनहून दोन जीपा भरून मेघाचे पावणे, चाचांचं सगळं खटलं. बाकं भरली, मागं उभी राहिली. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. मग तुझी पहिली घंटा झाली. लागोपाठ तीन, खणखणीत. दुसरी. तिसरी झाली आन् सगळी माणसं एकदम चिडीचूप. आपल्या मनोऱ्याची घंटा ऐकून माझं काळीज पहिल्यांदाच असं नाचलं असेल.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं ऐक. सुरुवातीची भांडणं मस्त झाली. पहिलं हसू आलं ना, तेव्हा असं वाटलं की कुणीतरी पाठीवर थाप मारली. मग एसटी येते, कंडक्टर चढू देत नाय, "कोंबडीचं तिकीट काढा" म्हणतो. मी तोंड उघडलं. आन् थांबले.

किती वेळ गेला कोण जाणे. कंडक्टरचं काम करणारा पोरगा घामाघूम. आतून मेघा वाक्य सांगतेय, मला ऐकू येतंय. सगळं नाटकघर वाट बघतंय. आन् दारातून तुझा आवाज आला, अप्पांसारखा, भसाडा:

"अगं, तिकीट मागतो तर अंडं घे म्हण!"

छप्पर उडालं रे! मोतीरामकाका तर बाकावरून घसरले. दुपारभर ओट्यावर बसून तू गाठी सोडवत होतास की माझं पाठांतर करत होतास? ती टाळी थांबेना. आन् मला काय सुचलं देव जाणे. मी कंडक्टरला बाजूला सारलं, पाटी काखेत मारली, स्टेजच्या टोकाशी आले आन् म्हणाले, "अवो पावणं! सगळं ठावं हाय तर दारात कशाला उभे? आत या की, गाडीत लई जागा हाय!"

माणसं मागं वळून बघायला लागली. मला वाटलं, गेला आता हा, पळाला. तू मात्र खाली वाकलास, चप्पल काढलीस आन् आलास. मधल्या वाटेनं. मोतीरामकाकांनी सरकून जागा केली. तू बसलास, हाताची घडी घालून, अगदी उपासनेला बसल्यासारखा, पुढचं सगळं नाटक बघितलंस.

काल नव्या चर्चमध्ये उपासना सुटल्यावर पारूबाई, पाळकसाहेब, सगळेच म्हणाले, "रत्नाबाई, काम झकास, फक्त एका जागी विसरलात बघा." मी पण म्हटलं, व्हय, विसरले. तुला म्हणून खरं सांगते.

वाक्य मी विसरले नव्हते, भाऊ. तोंड उघडलं तेव्हा दारात तू दिसलास. उजेड माझ्या डोळ्यांवर, तू अंधारात, तोंडावर हात आन् खांदे गदगदा हलतायत. मला वाटलं, तू रडतोयस. वहिनीची आठवण आली, तुला इथं आणून मी चूक केली, असं वाटलं आन् माझी जीभच उचलेना. तू ओरडलास तेव्हा कळलं, की हसत होतास.

तुझी
रत्ना